नॅनोस्फटिकाचा प्रकाश कुठे हरवतो: आंतरपृष्ठे तपासण्याची आणि सुधारण्याची पद्धत

अर्धवाहक नॅनोस्फटिकांचा, म्हणजेच क्वांटम डॉट्सचा, विषय निघाला की बोलणे बहुधा त्यांच्या आकारावर येते, कारण आकार बदलला की रंग बदलतो ही गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसते. रंग आकारावर ठरतो हे खरेच आहे. मात्र त्या रंगाचा प्रकाश किती मिळेल, तो स्थिर राहील की लुकलुकेल आणि द्रावणातून पातळ थरात गेल्यावर त्यातला किती उरेल, हे प्रामुख्याने आंतरपृष्ठांवर, म्हणजे दोन पदार्थ जेथे भेटतात त्या सीमांवर, अवलंबून असते. मरे, नॉरिस आणि बावेंडी यांनी १९९३ मध्ये तप्त द्रावणात कॅडमियम सेलेनाइडचे एकसारख्या आकाराचे स्फटिक बनवण्याची पद्धत मांडली, तेव्हा नुसत्या गाभ्याचे क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या फोटॉनांपैकी प्रकाश म्हणून परत येणाऱ्यांचे प्रमाण, १० टक्क्यांच्या आसपास होते. हाइन्स आणि गियो-सिओने यांनी १९९६ मध्ये अशाच गाभ्यावर झिंक सल्फाइडचे पातळ कवच चढवले आणि हा आकडा ५० टक्क्यांवर नेला. गाभा त्याच पदार्थाचा राहिला होता, बदलली होती ती त्याची सीमा.

पृष्ठभागाला इतके महत्त्व का, हे साध्या हिशेबाने कळते. कॅडमियम सेलेनाइडचा ३ नॅनोमीटर व्यासाचा कण घ्या. त्याच्या घनफळावरून त्यात साधारण ५०० अणू बसतात. सर्वांत बाहेरचा अणूंचा थर ०.३ नॅनोमीटर जाडीचा मानला, तर आतल्या भागाचा व्यास २.४ नॅनोमीटर उरतो आणि २.४ भागिले ३ या गुणोत्तराचा घन ०.५१ येतो. म्हणजे जवळपास निम्मे अणू पृष्ठभागावर आहेत आणि त्यांतील अनेकांचे बंध अपुरे आहेत. कण ६ नॅनोमीटरचा केला तरी हे प्रमाण २७ टक्क्यांच्या खाली जात नाही. शिवाय प्रकाश शोषल्यावर उत्तेजित इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली धन भाराची रिकामी जागा (होल) यांची जी जोडी बनते, त्या एक्सिटॉनची बोर त्रिज्या, म्हणजे तिचा नैसर्गिक विस्तार, कॅडमियम सेलेनाइडमध्ये ५ नॅनोमीटरच्या आसपास असल्यामुळे इलेक्ट्रॉन आणि होल यांची तरंगफलने (ते कुठे सापडतील हे सांगणारी फलने) संपूर्ण कणभर पसरलेली असतात आणि पृष्ठभागावरचा दोष त्यांच्यापासून कधीच दूर नसतो.

पुढील पद्धत प्रयोगशाळेत नॅनोस्फटिक बनवणाऱ्या किंवा तयार नमुने तपासणाऱ्या वाचकासाठी आहे. गाभा आणि कवच, कवच आणि लिगँड (पृष्ठभागाला चिकटून त्याला झाकणारे घटक), लिगँड आणि भोवतालचे द्रावक, थरातले दोन शेजारी कण आणि शेवटी कणांचा थर व उपकरणाचा थर अशी एकूण पाच आंतरपृष्ठे येथे विचारात घेतली आहेत. प्रकाश कमी झाला की लगेच कवच जाड करायला धावण्याऐवजी यांपैकी कोणत्या जागी तो हरवतो आहे हे आधी शोधणे, हा या लेखाचा आग्रह आहे.

पहिली पायरी: विश्वासार्ह मोजमाप

प्रत्येक टप्प्यावर, म्हणजे गाभा तयार झाल्यावर, प्रत्येक एक-दोन थर कवच चढल्यावर, धुतल्यावर आणि थर पसरल्यावर, एकाच वेळी बनवलेल्या त्याच खेपेतील नमुन्याची चार मोजमापे घ्यावीत: शोषण वर्णपट, उत्सर्जन वर्णपट, क्वांटम यील्ड आणि उत्सर्जनाचे आयुर्मान (उत्तेजनानंतर प्रकाश ओसरायला लागणारा सरासरी काळ). वेगवेगळ्या दिवशी बनवलेल्या खेपा एकमेकींशी ताडून आंतरपृष्ठाबद्दल निष्कर्ष काढू नयेत, कारण खेपेगणिक पडणारा फरक पुष्कळदा आपण शोधत असलेल्या परिणामाहून मोठा असतो.

क्वांटम यील्ड संदर्भ रंगद्रव्याशी तुलना करून काढायचे असेल, तर उत्तेजनाच्या तरंगलांबीवर द्रावणाचे शोषण ०.१ च्या खाली ठेवावे, अन्यथा द्रावण स्वतःचाच प्रकाश पुन्हा शोषते आणि आकडा खोटा येतो. इथेनॉलमधील ऱ्होडामिन ६जी, ज्याचे क्वांटम यील्ड ०.९५ धरले जाते, हा हिरव्या-पिवळ्या भागासाठी चांगला संदर्भ आहे. नॅनोस्फटिक टोल्युइनमध्ये आणि रंगद्रव्य इथेनॉलमध्ये असेल, तर दोन्ही द्रावकांच्या अपवर्तनांकांच्या वर्गांचे गुणोत्तर हिशेबात घ्यावेच लागते. ही दुरुस्ती विसरली, तर केवळ तेवढ्यानेच २० टक्क्यांच्या आसपास चूक होते. पातळ थरांसाठी ही तुलनात्मक पद्धत वापरू नये, तेथे समाकलन गोल, म्हणजे सर्व दिशांचा प्रकाश गोळा करणारा पोकळ गोल, हवा.

चार मोजमापांत आणखी एकाची भर घालता आली तर अवश्य घालावी. उत्सर्जनाची तरंगलांबी स्थिर ठेवून उत्तेजनाची तरंगलांबी बदलत नेली की उत्तेजन वर्णपट मिळतो. तो शोषण वर्णपटाशी जुळत असेल, तर कवचात शोषलेली ऊर्जा गाभ्यापर्यंत पोहोचते आहे. कवच जेथे शोषते त्या लघुतरंगी भागात तो शोषणापेक्षा खाली राहत असेल, तर ऊर्जा वाटेतच, म्हणजे कवचात किंवा गाभा-कवच सीमेवर, अडते आहे किंवा द्रावणात कवचाच्या पदार्थाचे वेगळेच कण तयार झाले आहेत. एवढी नेमकी माहिती देणारी आणि तरीही एवढी दुर्लक्षित राहणारी दुसरी चाचणी क्वचितच असेल.

दुसरी पायरी: क्वांटम यील्ड आणि आयुर्मान एकत्र वाचणे

एकट्या क्वांटम यील्डवरून दोष ओळखता येत नाही. ते किती फोटॉन परत आले एवढेच सांगते, बाकीचे का आले नाहीत हे सांगत नाही. त्यासाठी आयुर्मानाची जोड लागते. क्वांटम यील्डला आयुर्मानाने भागले की उत्सर्जक दर मिळतो, आणि एकूण ऱ्हासदरातून (१ भागिले आयुर्मान) तो वजा केला की अनुत्सर्जक दर उरतो.

समजा, मूळ नमुन्याचे क्वांटम यील्ड ८० टक्के आणि आयुर्मान २० नॅनोसेकंद आहे. उत्सर्जक दर नॅनोसेकंदाला ०.०४ आणि अनुत्सर्जक दर ०.०१ झाला. आता नमुना धुतल्यावर क्वांटम यील्ड ४० टक्क्यांवर आले आणि आयुर्मानही १० नॅनोसेकंदांवर उतरले, तर उत्सर्जक दर ०.०४ च राहिला, मात्र अनुत्सर्जक दर ०.०६ झाला. याचा अर्थ जवळपास सर्वच कणांत ऊर्जा गळण्याची नवी वाट तयार झाली आहे. याउलट क्वांटम यील्ड ४० टक्क्यांवर आले, पण आयुर्मान २० नॅनोसेकंदच राहिले, तर निम्मे कण पूर्णपणे काळे पडले आहेत आणि उरलेले निम्मे पूर्वीइतकेच तेजस्वी आहेत. या दोन रोगांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात लिगँडचे आवरण सर्वत्र विरळ झालेले असते आणि ते भरून काढता येते. दुसऱ्यात काही कणांवर खोल सापळे, म्हणजे इलेक्ट्रॉन किंवा होल अडकवणारे दोष, असतात, ते बहुधा कवच वाढवतानाच निर्माण झालेले असतात आणि लिगँड ओतून सहसा बुजत नाहीत.

तिसरी शक्यता अनेकांना गोंधळात टाकते. क्वांटम यील्ड ८० टक्केच राहते आणि आयुर्मान ४० नॅनोसेकंदांपर्यंत वाढते. वाढलेले आयुर्मान म्हणजे सुधारणा, असा समज येथे फसवतो. उत्सर्जक दर निम्मा झालेला असतो, कारण इलेक्ट्रॉनचे तरंगफलन कवचात पसरलेले असते आणि गाभ्यातील होलशी त्याचे आच्छादन कमी झालेले असते. हा दोष नव्हे, सीमेवरील ऊर्जापातळ्यांच्या मांडणीचा तो स्वाभाविक परिणाम आहे. त्याचा विचार चौथ्या पायरीत येईल.

ऱ्हासाचा आलेख एका घातांकी वक्रात बसत नसेल, आणि नॅनोस्फटिकांत तो बहुधा बसत नाहीच, तर तीन-चार घातांकी पदे घालून त्यांना भौतिक अर्थ चिकटवण्याचा मोह टाळावा. सरासरी आयुर्मान काढण्याची एकच रीत ठरवावी आणि सर्व टप्प्यांसाठी तीच ठेवावी.

तिसरी पायरी: लिगँडचा पृष्ठभाग

कॅडमियम सेलेनाइडच्या पृष्ठभागावर सर्वांत त्रासदायक ठरतात ते अपुरे बंध असलेले सेलेनियम अणू. केवळ दोनच शेजारी उरलेला सेलेनियम अणू संयुजा पट्ट्याच्या (होल ज्यात असते त्या ऊर्जापट्ट्याच्या) वर एक पातळी निर्माण करतो आणि होल तेथे अडकते. अपुऱ्या बंधांचे कॅडमियम अणू त्या मानाने निरुपद्रवी असतात. म्हणून सेलेनियमला झाकणारा घटक, म्हणजे कॅडमियम ओलिएटसारखा धातूचा क्षार, पृष्ठभागावर टिकून राहणे दीप्तीच्या दृष्टीने निर्णायक असते.

येथेच धुण्याचा प्रश्न येतो. मिथेनॉलने वारंवार धुतल्यास ते कॅडमियम कार्बोक्झिलेट काढून नेते आणि सेलेनियम उघडा पडतो. अमाइनचे जास्त प्रमाणही असाच क्षार पृष्ठभागावरून उचलून द्रावणात नेऊ शकते. त्यामुळे अवक्षेपणासाठी ॲसिटोन, ॲसिटोनायट्राइल किंवा मिथाइल ॲसिटेट यांसारखे प्रोटॉन न देणारे द्रावक निवडावेत, धुण्याच्या फेऱ्या गरजेपुरत्याच ठेवाव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर क्वांटम यील्ड व आयुर्मान दोन्ही मोजावीत. दोन्ही सोबतच घसरत असतील, तर द्रावणात थोडा धातू-क्षार, उदाहरणार्थ कॅडमियम ओलिएट किंवा झिंक क्लोराइड, घालून सौम्य तापमानावर ढवळावे आणि पुन्हा मोजावे. दीप्ती परतली तर निदान पक्के झाले. परतली नाही तर पृष्ठभाग सोडून पुढच्या पायरीकडे जावे.

लिगँड निवडताना एक गोष्ट विसरू नये. एखादा रेणू पृष्ठभागाला घट्ट चिकटतो म्हणून तो दीप्तीला पोषकच असेल असे नाही. थायोल कॅडमियम सेलेनाइडच्या गाभ्याची दीप्ती विझवते, पण कॅडमियम टेल्युराइडची दीप्ती वाढवते. टेल्युराइडचा संयुजा पट्टा ऊर्जेने वर असल्यामुळे होलला थायोलकडे जाणे फायद्याचे नसते, सेलेनाइडमध्ये मात्र ते असते. म्हणजे एकच रेणू एका स्फटिकावर संरक्षण देतो, तर दुसऱ्यावर सापळा बनतो. लिगँडच्या ऊर्जापातळ्या स्फटिकाच्या पट्ट्यांशेजारी मांडून पाहिल्याशिवाय तो वापरू नये.

चौथी पायरी: कवचाची निवड

कवच निवडताना दोन आकडे समोर ठेवावेत: पट्ट्यांमधील ऊर्जाफरक आणि जालकातील विसंगती, म्हणजे दोन स्फटिकांतील अणूंच्या अंतरांतला फरक. कॅडमियम सेलेनाइडचा स्थूल ऊर्जाफरक १.७४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, कॅडमियम सल्फाइडचा सुमारे २.४ आणि झिंक सल्फाइडचा सुमारे ३.६ आहे. झिंक सल्फाइड इलेक्ट्रॉन आणि होल या दोघांनाही गाभ्यात कोंडून ठेवते, म्हणजे बाहेरच्या पृष्ठभागाशी त्यांचा संबंध जवळपास तुटतो. पण त्याचे जालक सेलेनाइडपेक्षा साधारण १२ टक्क्यांनी लहान आहे. दोन-तीन थरांनंतर साठलेला ताण सीमेवर स्थानभ्रंशांच्या (अणूंच्या रांगा तुटल्याच्या) रूपाने बाहेर पडतो आणि ज्या सापळ्यांपासून वाचायचे होते तेच सापळे आता आतल्या बाजूला तयार होतात. कॅडमियम सल्फाइडची विसंगती केवळ ४ टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे जाड कवचही स्फटिकाच्या शिस्तीत वाढते. मात्र सेलेनाइड आणि सल्फाइड यांच्या वहन पट्ट्यांत (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्यांत) फरक थोडा असल्याने इलेक्ट्रॉन कवचात पसरतो. दुसऱ्या पायरीतील वाढलेले आयुर्मान येते ते येथूनच.

माझ्या मते रंगाची शुद्धता आणि द्रावणातील तेज एवढेच हवे असेल, तर आत कॅडमियम सल्फाइड किंवा झिंक सेलेनाइड आणि बाहेर झिंक सल्फाइड अशी दोन टप्प्यांची रचना सर्वांत समंजस आहे. आतला थर ताण वाटून घेतो, बाहेरचा थर वाहकांना, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल यांना, कोंडतो. थेट झिंक सल्फाइड चढवणे सोपे वाटते, पण त्याची किंमत नंतर मोजावी लागते.

इंडियम फॉस्फाइडचा गाभा असेल तर आणखी दोन अडचणी येतात. त्याचा पृष्ठभाग चटकन ऑक्सिडाइज होतो, आणि कार्बोक्झिलिक आम्लांच्या अभिक्रियांतून निघालेल्या पाण्यामुळे हे कधी कधी संश्लेषणाच्या भांड्यातच घडते. हा ऑक्साइड कवचाखाली गाडला गेला की नंतर काढता येत नाही. दुसरी अडचण संयुजेची आहे: तिसऱ्या आणि पाचव्या गटातील मूलद्रव्यांच्या गाभ्यावर दुसऱ्या आणि सहाव्या गटातील मूलद्रव्यांचे कवच बसवताना सीमेवर विद्युतभाराचा हिशेब जुळत नाही. सॅमसंगच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हायड्रोफ्लुओरिक आम्लाने हा ऑक्साइड काढून त्यावर झिंक सेलेनाइड आणि झिंक सल्फाइडची कवचे वाढवली, तेव्हा क्वांटम यील्ड १०० टक्क्यांच्या जवळ पोहोचले. हे आम्ल कातडीतून शिरून हाडांपर्यंत इजा करते, त्यामुळे त्याचे प्रशिक्षण आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असल्याशिवाय ही कृती करू नये.

पाचवी पायरी: कवच वाढवणे

एकेक थर मोजून चढवताना हिशेब आधी कागदावर करावा. गाभ्याचा व्यास ३.५ नॅनोमीटर आहे आणि त्यावर कॅडमियम सल्फाइडचा ०.३४ नॅनोमीटर जाडीचा पहिला थर चढवायचा आहे असे धरू. नवा व्यास ४.१८ नॅनोमीटर होईल. दोन गोलांच्या घनफळांतला फरक १५.८ घन नॅनोमीटर येतो. कॅडमियम सल्फाइडच्या एका जोडीला ०.०५ घन नॅनोमीटर जागा लागते, म्हणून प्रत्येक कणाला सुमारे ३१७ जोड्या हव्यात. भांड्यात १०० नॅनोमोल कण असतील, तर ३१.७ मायक्रोमोल कॅडमियम आणि तितकेच गंधक, म्हणजे ०.१ मोलर द्रावणाचे प्रत्येकी ०.३२ मिलीलिटर लागेल. दुसऱ्या थराला हाच हिशेब ४४ मायक्रोमोलच्या घरात जातो. प्रत्येक थराला सारखेच द्रावण ओतणाऱ्याचे बाहेरचे थर त्यामुळे अर्धवट राहतात, आणि अर्धवट थर म्हणजे उघड्या कडा आणि नवे सापळे.

द्रावण हळूहळू सोडावे. वेग जास्त झाला की कवचाचा पदार्थ गाभ्यावर बसण्याऐवजी स्वतंत्र कण बनवतो. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास ऑक्टेनथायोलसारखा संथपणे गंधक देणारा स्रोत वापरून कॅडमियम सल्फाइडची कवचे अत्यंत हळू वाढवली, तेव्हा ९५ टक्क्यांहून अधिक क्वांटम यील्ड आणि अरुंद उत्सर्जन मिळाल्याचे २०१३ मध्ये दाखवले गेले आहे. कॅडमियमची संयुगे विषारी आहेत आणि ट्रायऑक्टिलफॉस्फिन हवेशी अभिक्रिया करते, म्हणून सर्व काम निष्क्रिय वायूखाली आणि वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटातच (फ्यूम हूड) व्हावे.

वाढ चालू असताना उत्सर्जनाच्या शिखराची दिशा पाहत राहावे. कॅडमियम सल्फाइड चढत असता शिखर लाल बाजूला सरकले पाहिजे, झिंक सल्फाइडबरोबर ते थोडेच सरकते. निळ्या बाजूला सरकले, तर दोनच शक्यता प्रामुख्याने उरतात: झिंक गाभ्यात मिसळत आहे किंवा गाभा झिजत आहे. मिसळत असेल तर क्वांटम यील्ड सहसा टिकते किंवा वाढते, झिजत असेल तर ते घसरते. शिखर रुंदावत असेल तर कवच असमान बसते आहे असे समजून तापमान आणि द्रावण सोडण्याचा वेग दोन्ही पुन्हा तपासावेत.

सहावी पायरी: सीमा तीव्र ठेवावी की उतरती

मंद प्रकाशात एका कणात एका वेळी एकच एक्सिटॉन असतो आणि तेव्हा तीव्र सीमा काहीच बिघडवत नाही. उत्तेजन वाढले, किंवा कणात एखादा जादा विद्युतभार शिरला, की ऑजर प्रक्रिया सुरू होते: इलेक्ट्रॉन आणि होल एकत्र येतात, पण त्यांची ऊर्जा फोटॉन म्हणून बाहेर न पडता तिसऱ्या वाहकाला मिळते. लहान गाभ्यांत हे दहा ते काही शे पिकोसेकंदांत उरकते, म्हणजे प्रकाश बाहेर पडायला लागणाऱ्या वेळेच्या कितीतरी आधी.

तिसऱ्या वाहकाला एवढी ऊर्जा घेताना संवेगही मोठा लागतो, आणि हा संवेग त्याला गाभा-कवच सीमेवरच्या विभवाच्या आकस्मिक उडीतून मिळतो. क्रॅग आणि एफ्रोस यांनी २०१० मध्ये गणिताने दाखवले की ही उडी उतारात बदलली तर ऑजर दर अनेक पटींनी खाली येतो. प्रत्यक्षात हे करायचे तर कॅडमियम सेलेनाइडच्या गाभ्यावर आधी सेलेनियम आणि गंधक यांचा मिश्र थर वाढवावा व मग शुद्ध सल्फाइड चढवावे. २००८ मध्ये जाड कवचांमुळे एकेकट्या कणांचे लुकलुकणे जवळपास थांबल्याचे दिसले होते, त्यामागे सीमेवर आपोआप झालेल्या मिश्रणाचाही वाटा असावा असे मानायला जागा आहे.

उतरती सीमा साधली आहे की नाही हे साध्या क्वांटम यील्डवरून कळणार नाही. एकेका कणाचा फोटॉन-सहसंबंध (फोटॉन एकमेकांपासून किती काळाने येतात याचा आलेख) मंद उत्तेजनाखाली मोजल्यास मध्य शिखर आणि बाजूचे शिखर यांचे गुणोत्तर हेच दोन एक्सिटॉनच्या आणि एका एक्सिटॉनच्या क्वांटम यील्डचे गुणोत्तर असते. ते शून्याजवळ असेल तर ऑजर प्रक्रिया जोरात आहे. केवळ जैविक छायाचित्रणासाठी किंवा पडद्याच्या रंग-परिवर्तक पटलासाठी कण हवे असतील, तर या पायरीवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. लेसर किंवा विद्युत-उत्सर्जक उपकरण हवे असेल, तर ती टाळता येत नाही.

सातवी पायरी: द्रावणातून थरात आणि थरातून उपकरणात

द्रावणात ९० टक्के देणारा नमुना थरात ३० टक्क्यांवर उतरतो, तेव्हा पहिला संशय पृष्ठभागाच्या बिघाडावर जातो. त्याआधी एक साधी चाचणी करावी. तेच कण पीएमएमएसारख्या बहुवारिकात विरळ मिसळून एक थर आणि नुसत्या कणांचा दाट थर असे दोन नमुने करावेत. विरळ थर तेजस्वी आणि दाट थर मंद असेल, शिवाय दाट थराचे शिखर लाल बाजूला सरकलेले असेल, तर लहान कणांची ऊर्जा शेजारच्या मोठ्या कणांकडे जाते आहे. हे फॉर्स्टर स्थानांतर अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून कवच एक-दोन नॅनोमीटर जाड केल्यानेही मोठा फरक पडतो. स्थानांतर स्वतः ऊर्जा वाया घालवत नाही, पण ते ऊर्जेला कणामागून कण फिरवत शेवटी एखाद्या काळ्या कणापर्यंत पोहोचवते. त्यामुळे द्रावणात खपून गेलेले काळे कण थरात सर्वांना महाग पडतात. विरळ थरही मंदच असेल, तर बिघाड कणात आहे आणि तिसऱ्या पायरीकडे परत जावे लागेल.

विद्युत-उत्सर्जक उपकरणात कणांच्या थराला झिंक ऑक्साइडचा इलेक्ट्रॉन-वाहक थर टेकलेला असतो. येथे पाहायची गोष्ट अशी की उत्तेजित इलेक्ट्रॉन परत झिंक ऑक्साइडकडे जाऊ शकतो, आणि झिंक ऑक्साइडमधून आधीच शिरलेला इलेक्ट्रॉन कणाला ऋण भारित करून ऑजर प्रक्रियेला वाव देऊ शकतो. २०१४ मध्ये या दोन थरांच्या मध्ये पीएमएमएचा पातळ विद्युतरोधक थर घालून २०.५ टक्के बाह्य क्वांटम कार्यक्षमता (उपकरणात सोडलेल्या इलेक्ट्रॉनांमागे बाहेर पडलेल्या फोटॉनांचे प्रमाण) मिळवली गेली. त्या थराने इलेक्ट्रॉनचा ओघ आवरला आणि भारांचा समतोल साधला. झिंक ऑक्साइडमध्ये मॅग्नेशियम मिसळून त्याचा वहन पट्टा वर नेणे हा दुसरा रुळलेला उपाय आहे.

निदानासाठी एकाच द्रावणातून एक थर काचेवर आणि एक झिंक ऑक्साइडवर पसरावा आणि दोन्हींचे आयुर्मान मोजावे. झिंक ऑक्साइडवर ते स्पष्टपणे घटत असेल, तर मधला विद्युतरोधक थर किंवा जाड कवच यांपैकी एक उपाय करावा. दोन्हींचे आयुर्मान सारखेच असेल आणि तरीही उपकरण मंद असेल, तर इलेक्ट्रॉनच्या बाजूला वेळ न दवडता होलच्या बाजूकडे वळावे, कारण जड होलला खोलवरच्या संयुजा पट्ट्यात शिरवणे हे या उपकरणांतले अधिक अवघड काम आहे आणि तेथील थराच्या ऊर्जापातळ्या कवचाशी क्वचितच नीट जुळलेल्या असतात.